शेप्याचं कलम

आमच्या मळ्यात विहिरीवर, मोटेचे बैल चालतात त्या धावेशेजारी एक आंब्याचं झाड होतं. त्याच्या फळाला बडीशेपेचा वास यायचा, म्हणून घरात सगळे त्याला शेप्या म्हणत. फळाचं सोडा, नुसतं पान चुरगाळून नाकाशी धरलं तरी तोच वास. मोट चालू असताना धावेवरून बैल मागं सरकले की त्यांच्या पाठी शेप्याच्या खालच्या डहाळ्यांना घासायच्या आणि सगळी विहीर घमघमायची. तो वास आज कुठंच नाही. मी आयुष्यभर झाडांच्या नोकरीत राहिलो, हजारो पानं चुरगाळली, पण पुन्हा काही तो मला भेटला नाही.

आमचं गाव कोरेगावपासून जवळ, वसना नदीच्या काठाला. आमच्याकडे आंबा उतरवला की घरात घेण्याआधी त्याचे वाटे पडत. एक देवाचा, एक बलुतेदारांचा, एक उतरवणाऱ्या गड्याचा आणि एक दिल्या घरच्या लेकीचा. लेकीचा वाटा आढीत घालायचा नाही, अशी रीत होती. तो कच्चाच गवतात बांधून तिच्या सासरी धाडायचा, म्हणजे माहेरचा आंबा तिच्या घरात तिच्या हातानं पिकतो.

आमच्या घरची लेक म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळं मला वाढवलं ते तिनं. आणि मी जरा कुठं मराठी शाळेत रुळतोय तोवर आबांनी तिचं लग्न करून दिलं, ते थेट कवठेमहांकाळच्या पलीकडं, जतच्या वाटेला. आमची मूळ माणसं त्याच बाजूची. मेंढरं घेऊन इकडं आली आणि नदीचं पाणी बघून बसली. सोयरीक मात्र जुन्या मुलखातच होत राहिली. आक्काच्या सासरी अजून मेंढरं होती, थोडी बाजरी होती, आणि पाण्याच्या नावानं ठणठणाट होता.

तिचा वाटा घेऊन आबा कोरेगावला आगगाडीत बसत, मिरजेला उतरून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत चढत आणि पुढं बैलगाडीनं जात. मे महिन्याच्या उन्हात पाटी पोचेपर्यंत निम्मे आंबे नासलेले असायचे. उरलेले ती एकेक करून पिकवायची. खाऊन झालं की कोयी घरामागच्या परड्यात पुरायची. त्यातली एखादी उगवलीच, तर कोंब दोन पानांचा होतोय न होतोय तोवर शेळी यायची आणि कारभार आटपायची.

मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात जातोय हे कळल्यावर गावात हसण्याला ऊत आला. "आरं, उसाला पाणी पाजायला कालीज कशाला?" असं एकानं विचारलं. मी बागांचं शास्त्र निवडलं तेव्हा तर विचारूच नका. "शिकून शिकून माळी झाला," असं माझा चुलता चावडीवर सांगत फिरला. मी तापट माणूस, भांडून यायचो. एकट्या आक्काला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. जायच्या आधी मी तिला भेटायला गेलो, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "झाडांचंच शिकनार न्हवं? मग आपला शेप्या हितं आन. मला वाटा नगं, झाड पायजे."

बोलताना तिनं वर पाहिलंसुद्धा नाही, पण ते मागणं मला पक्कं चिकटलं.

पुण्यात मला घरची आठवण सगळ्यात जास्त यायची ती परीक्षेच्या दिवसांत, कारण परीक्षा नेमक्या आंब्याच्या तोंडावर. बागशास्त्राचे मास्तर मोठे हौशी. त्यांनी एकदा आम्हा पोरांना घरी बोलावून हापूस खिलवला. सगळे वा वा करत होते. मलाही वा म्हणावं लागलं, पण मनात म्हटलं, चांगला आहे, देखणा आहे, पण हा माझ्याशी बोलत नाही. खोलीवर आलो आणि उगाच रडू आलं. एका आंब्यापायी रडणारा मी काही फार मोठा शास्त्रज्ञ होणार नव्हतो हे तेव्हाच कळायला हवं होतं.

ह्याच मास्तरांनी शिकवलं की आंब्याची कोय लावली तर जे उगवतं ते आईसारखं निघेलच असं नाही. मुलं कुठं आईबापांसारखी निघतात? झाड जसंच्या तसं हवं असेल तर कलमच करावं लागतं. म्हणजे आक्काच्या कोयी शेळीनं खाल्ल्या नसत्या तरी शेप्या काही आला नसता. मला तो तास संपेपर्यंत दम निघेना.

बेचाळीसच्या ऑगस्टात कॉलेज ओस पडलं आणि मी घरी आलो. आमच्या साताऱ्याकडची माझ्या वयाची पोरं त्या दिवसांत काय काय करून गेली. कुणी भूमिगत झालं, कुणी तुरुंगात गेलं. मी झाडावर गेलो. खोटं कशाला सांगू, मला आयता कलमाचा हंगाम सापडला होता.

तेव्हा आंब्याचं भेटकलम करत. म्हणजे कोयीपासून उगवलेलं रोप कुंडीत वाढवायचं आणि ते चांगल्या झाडाच्या फांदीला जोडायचं. दोघांची साल तासून, जखमेला जखम लावून, केळीच्या सोपटानं आवळून बांधायचं. मूळ रोपाचं, माथा थोर झाडाचा. आता फांदी काही कुंडीपाशी खाली येत नाही, तेव्हा कुंडीलाच वर जावं लागतं. मी उकिरड्यावर आपोआप उगवलेली आंब्याची रोपं शोधली. कुणी कधी चोखून फेकलेल्या कोयी त्या, ना आगा ना पिछा. ती रोपं मडक्यांत घेऊन शेप्याच्या फांद्यांशी बांबूचा माच बांधला आणि मडकी त्यावर चढवली. धुण्याला आलेल्या बाया म्हणाल्या, "आवं, कालीजवाल्यानं आंब्याला पाळनं बांधलं!"

कॉलेज पुन्हा सुरू झालं तसा मी गेलो. मडक्यांना रोज पाणी घालायचं काम आबांवर आलं. आबांचा ह्या खटाटोपावर काडीचा विश्वास नव्हता. तरी मोट सुटली की शिडी लावून, कळशी घेऊन हा माणूस वर चढायचा, हे मला गड्यानं सांगितलं. दिवाळीत येऊन बघतो तर बाकीची रोपं वाळून काष्ठ झालेली आणि एकच सांधलेलं. सोपट सोडलं, सांधा घट्ट. शेप्याची फांदी मी आधी अर्धी कापली आणि काही दिवसांनी पुरती.

"लेकरू अंगावरनं तोडत्यात तसंच की ह्ये," आबा म्हणाले. मग मडकं खाली घेऊन त्यांनी बराच वेळ निरखलं. "म्हंजे ह्ये शेप्याचं प्वार म्हनायचं."

"पोर न्हाई, आबा. कोय लावली तर पोर. कलम म्हंजे त्योच. ह्यो शेप्याच हाय."

"त्योच?"

"त्योच."

पुढच्या पावसाळ्यात ते मडकं मांडीवर घेऊन मी कोरेगावपासून निघालो. छोट्या गाडीत एका म्हातारीनं विचारलं, "कुनाचं लगीन म्हनायचं?" मी म्हटलं, बहिणीकडं चाललोय. ती म्हणाली, बहिणीला लुगडं न्यायचं सोडून मडकं नेतोस होय रं गड्या.

आक्काला मडकं दिलं तेव्हा तिनं आधी काय केलं असेल, तर एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. तशीच उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लग्नात ती रडली होती तेव्हा मला काही समजत नव्हतं. ते त्या दिवशी समजलं.

तिचे सासरे उभ्या जन्माचे मेंढके. कमरेत वाकलेले, पण दिवसभर पायांवर. त्यांनी सुनेच्या झाडासाठी परड्यातली वाऱ्याआडची जागा काढली, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि मला वचन दिलं, "पावणं, काळजी करू नगा. मेंढराच्या पिल्लापरास ह्येला जपतो." पाणी लांबून, ओढ्यातल्या झिऱ्यावरून आणावं लागे. घरातल्या माणसांना जिथं मोजून मिळायचं तिथं म्हातारा रोज एक घागर आंब्याला घालायचा, असं आक्का सांगायची.

मी पदवी घेतली. आमच्या वर्गातल्या पोरांचं पुढं काय झालं ते ऐकलं तर बागशास्त्र कशाला शिकतात असा प्रश्न कुणालाही पडेल. एक शेतकी खात्यात गेला आणि जन्मभर घोड्यावरून गावोगाव खताची महती सांगत फिरला. एक, लढाई चालू होती म्हणून, पलटणीसाठी भाज्या वाळवायच्या कारखान्यात लागला. त्याच्या अंगाला वाळल्या कांद्याचा वास यायचा तो लग्नातसुद्धा गेला नाही म्हणे. एक मुरंबे-सरबतांच्या धंद्यात पडला, एक शाळेत मास्तर झाला. मला सांगलीकडे एका संस्थानी बागेत जागा मिळाली. पाहुण्यांसाठी गुलाब, राजवाड्यासाठी पेरू, आणि साऱ्या ओळखीपाळखीच्यांसाठी हापूसची कलमं. बाग कृष्णाकाठची, काळीभोर माती, पाण्याला तोटा नाही. काठी रोवली तर पालवी फुटेल अशी जमीन. तिथं उभं राहून मला आक्काचं परडं आठवायचं आणि घागरभर पाण्याची लाज वाटायची.

त्या नोकरीतून संक्रांतीला घरी आलो ती सकाळ मी विसरलो नाही. गाडीवाटेच्या वळणावरून नेहमी आधी शेप्याचा शेंडा दिसायचा, मग विहीर. त्या दिवशी नुसता ऊस दिसला. मला वाटलं, गाडीवानानं वाट चुकवली. मी त्याच्यावर खेकसलोसुद्धा. तो बिचारा म्हणाला, "तुमचाच मळा हाय की, मालक."

आबा धावेवर बसले होते. शेप्याचं खोड जमिनीसरशी कापलेलं, त्यावर त्यांनी तंबाखूची डबी ठेवलेली. फांद्या गुऱ्हाळाच्या चुलाणात गेल्या होत्या.  आबांना काही चुकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

"उसाला सावली पडत हुती रं. दरसाली तेवढा तुकडा वाया जायाचा. तरी इतकी वर्सं हात लावला न्हाई मी. आता काय, त्यो हाय की आक्काकडं. तूच म्हनालास, त्योच म्हनून."

 माझाच धडा त्यांनी मला म्हणून दाखवला होता, आणि तो बरोबर होता. दिवसभर मी तिळगूळ घेतला नाही. मग स्वतःची समजूत घातली. झाड खरंच गेलेलं नाही. आक्काच्या परड्यात ते चांगलं कमरेइतकं झालं असेल. तिथून फांदी आणायची, नवं रोप घ्यायचं आणि पुन्हा धावेवर लावायचं. फक्त आता लेकीचा वाटा माहेराकडून जाण्याऐवजी लेकीनं माहेराला द्यायचा, एवढाच काय तो फरक.

उन्हाळ्यात रजा मिळताच मी जतच्या वाटेला लागलो. आक्काचे सासरे मला वेशीतच भेटले. पाणीसुद्धा पिऊ न देता हाताला धरून परड्यात घेऊन गेले. काट्यांच्या कुंपणात झाड उभं होतं, डोक्याइतकं, पानं तकतकीत. मला हायसं वाटलं. हात पुढं केला तोच ते म्हणाले, "पावणं, तुमचं झाड मरत हुतं. मी वाचिवलं."

"काय झालतं, मामा?"

"बुडख्याच्या वर ही येवढी गाठ आलती. मेंढराला आशी गाठ आली का आमी ठेवत न्हाई, आंगभर पसरती. मीठभाकर खाऊन सुरी घेतली, गाठीच्या खालनं साफ कापून काढलं, वर राख दाबली. सून लय रडली तवा. पर बगा, खालनं कसं तरारून फुटलंय!"

सांध्याला गाठ येतेच. रोप आणि फांदी एक झाल्याची ती खूण. कॉलेजात आम्ही ती बघून आनंदानं मान डोलवायचो. म्हाताऱ्यानं गाठीसकट वरचा सगळा शेप्या कापून टाकला होता आणि जे तरारलं होतं ते उकिरड्यावरचं रोप होतं. तरी मी पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. नुसता हिरव्या पाल्याचा वास.

मला ओरडावंसं वाटलं. पण समोर तो माणूस उभा होता, खांद्याला कावडीचे घट्टे पडलेला, आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. असं बघणाऱ्या माणसावर कुणाच्यानं ओरडवेल? आक्का दारात उभी होती. तिनंही माझ्याकडंच पाहिलं.

"बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"ब्येस हाय," मी म्हटलं.

परत येताना मी आधी मळ्यात गेलो. खोडाला कुठं धुमारा फुटला असेल तर म्हणून चारी बाजूंनी उकरून पाहिलं. आबांनी उसाचा पाला पेटवला होता, तेव्हा खोडही करपून गेलं होतं. नंतरची वर्षं मी आमच्या भागातले आंबे हुंगत फिरलो. कोरेगाव, उंब्रज, पार कऱ्हाडपर्यंत. कोण कुणाला कलम देतंय, कुणाच्या बापजाद्यांनी कुठली कोय आणली, सगळं विचारलं. लोक म्हणायचे, साहेबाला नाकाचा काहीतरी आजार आहे. एखाद्याचं माणूस हरवावं आणि त्यानं प्रत्येक जत्रेत तोंडं बघत फिरावं, तसं माझं झालं होतं. शेप्या हवाच होता, पण खरं सांगायचं तर मला त्याच्याखालची आक्का हवी होती, परकर खोचून आंबे झेलणारी, आणि धावेवरून "आरं, आधी देवाचा काढ" असं ओरडणारे आबा हवे होते.

आबा गेले. मळा वाट्यानं दिला. आक्काला माहेर म्हणून यायला जागाच उरली नाही. आली तरी चुलत्याच्या घरी पाहुणीसारखी बसून काय करणार? संस्थानं जाऊन बाग सरकारात आली, मी तिथंच राहिलो. आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मिरजेच्या बाजाराला आलेल्या माणसाबरोबर आक्कानं निरोप पाठवला, "झाड धरलंय. तुझा वाटा काढलाय. न्ह्यायला ये."

मी गेलो. तिनं आंबे बाजरीच्या वाळल्या सरमाडात पिकायला घातले होते. आधी एक देवापुढं ठेवला. एक सासऱ्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याला आता धड दिसत नव्हतं, पण त्यानं तो दोन्ही हातांनी दाबून मऊ केला आणि चोखून म्हणाला, "ग्वाड हाय गं पोरी. साखर हाय." मग काठी टेकत मेंढरांकडं गेला.

आम्ही दोघं झाडाखाली बसलो. आंबा गोट्याएवढा, धाग्यांचा, आणि आंबट असा की दात शिवशिवले. मी मान खाली घालून चोखत राहिलो. आक्कानं एक घोट घेतला आणि हात मांडीवर ठेवला.  तिनं पूर्वी जसं पान हुंगलं होतं तसं ह्या झाडाचं कधी हुंगलंच नसेल, असं मी कसं समजून चाललो होतो कुणास ठाऊक. म्हाताऱ्याची नजर गेल्यापासून रोज तर तीच त्याला पाणी घालत होती.

"पहिल्या साली आंबटच निगतो का रं आंबा?" तिनं विचारलं. "तू शिकलायस. तुला ठावं असंल."

"व्हय," मी म्हटलं. "झाड पोसलं का गोडी येती."

ती माझ्याकडं बघत होती. मग फडक्यानं माझे हात पुसले, लहानपणी पुसायची तसेच, एकेक बोट धरून.

"मग फुडल्या साली बी तुला यायला पायजे," ती म्हणाली. "गोडी आली का न्हाई बगाया."

मी पुढच्या साली गेलो. त्याच्या पुढच्याही. आक्का होती तोवर एक उन्हाळा चुकवला नाही. साहेबांनी रजा नाकारली तर भांडून घेतली. झाडाखाली बसून आम्ही दोघं तो आंबट आंबा चोखायचो. वाट्याची पाटी माझ्या हातात देताना ती दर वेळी विचारायची, "गेल्या सालापरास यंदा जरा बरा हुता न्हवं?"

मी म्हणायचो, "जरा बरा हुता."